वसंतमामाने कापून ठेवलेला तुकडा

मामा गेल्याचं मला एका क्लिपवरून कळलं. खाली हात जोडलेले इमोजी आणि वर माझीच चूक.

काल सकाळी मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर होता. मामीचे चार मिस्ड कॉल नंतर दिसले. आधी दिसला फॅमिली ग्रुप.

'आमचे लाडके वसंतमामा. शेवटपर्यंत हसत राहिले.'

ते हसत नव्हते. कुणीतरी हे लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

वसंतमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. कोकणातल्या तोंडवलीचा. उभी हयात मालवाहू जहाजांवर खलाशी. जहाजावर व्हिडिओ आला तेव्हा तिथला जुना प्रोजेक्टर आणि चार रिळं फेकून देणार होते, ती हा घरी घेऊन आला. मामी म्हणायची, लोक परदेशातून सोनं आणतात, आमच्या ह्यांनी उंदीर आणला.

कारण रिळांत कार्टून होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, सात-आठ मिनिटांची एकेक. सैनिकांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या. मिशीवाला हुकूमशहा बोका, ज्याच्या शेपटीला शेवटी आग लागायची. आणि आमचा खलाशी उंदीर.

मे महिन्यात रविवारची जेवणं झाली की मांगराच्या, म्हणजे घरामागच्या कोठाराच्या, खिडक्यांवर गोणपाट चढायचं. भिंतीवर चादर. आम्ही सगळी भाचरं काजूच्या पोत्यांवर.

इंग्रजी कुणाच्या बापाला कळत नव्हतं. म्हणून मामाच बोलायचा, दशावतारातल्या राजासारखा आवाज लावून. उंदीर अस्सल मालवणीत शिव्या घालायचा आणि मामी बाहेरून ओरडायची.

उंदराच्या गोष्टीत एक जागा यायची. शत्रूची पाणबुडी वर येतेय, उंदराची होडी उलटतेय, आणि बरोबर तिथे मामा लेन्ससमोर हात धरायचा. चादर काळी.

"दर्यो खवळलो. आता काय दिसना नाय."

हात काढला की उंदीर किनाऱ्यावर शेपूट वाळवत बसलेला.

आम्हाला तो अंधारच सगळ्यात जास्त आवडायचा. मामाबरोबर आम्हीही ते वाक्य ओरडायचो.

मोठी झाले, पुण्यात व्हिडिओ एडिटर झाले, तेव्हा लक्षात आलं की तिथे फिल्म कापलेली आहे. हाताखाली मामा तो सांधा लपवायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या पंच्याहत्तरीसाठी रिळं डिजिटल करायला मागून आणली. पेटीत बिस्किटांचा एक डबा निघाला. आत तो कापलेला तुकडा, नीट गुंडाळून ठेवलेला. मी फोन करून विचारलं, हा जोडू का?

"ता तसाच रवांदे," मामा म्हणाला.

तसंच राहू दे. याहून स्पष्ट माणसाने काय सांगायचं?

मी जोडला. फेकून दिला नाही म्हणजे मनात कधीतरी जोडायचं असेल, असा शहाणपणा केला. अर्धवट काम मला बघवत नाही. सरप्राइज द्यायचं होतं त्याला.

तुकड्यात पाणबुडीतून शत्रूचा सैनिक बाहेर येतो. जपानी. पिवळाजर्द, जाड भिंगांचा चष्मा, ओठांबाहेर आलेले मोठे दात. उंदीर त्याच्या डोक्यात वल्हं घालतो आणि तो आपले पडलेले दात शोधत बुडतो.

युद्धात शत्रूला असंच काढायचे. मला ते ऐतिहासिक वगैरे वाटलं.

पंच्याहत्तरीला शाळेचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर मामा.

ती जागा आली आणि मामाने सवयीने हात वर केला.

पण प्रोजेक्टर मागे होता, छताला टांगलेला.

ते दात दिसले आणि सगळा हॉल हसून लोळला. आमच्या एका मावसभावाने मागून शूट केलं. तीच क्लिप कालपासून फिरतेय. त्यात मामाचे खांदे हलताना दिसतात. खाली कमेंट आहे, 'बघा, किती खळखळून हसतायत!'

कार्टून संपायच्या आत तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले, तर नळावर तोंड धूत होता. डोळे लाल. तो तुकडा कुणी जोडला, एवढं विचारलं. मी म्हटलं, मी.

"तसल्याच एका माणसान माका दर्यातसून वर ओढल्यान गो. आणि आज तुमी सगळी तेकाच हसलास."

मामा एकदा जहाजावरून समुद्रात पडला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. एका मच्छीमार बोटीने वाचवलं, हेही. ती बोट कुठली, वाचवणारा माणूस कोण, हे कुणी कधी विचारलं नाही. आम्हाला बॅगेत काय आणलंय त्यात इंटरेस्ट.

मिशीवाल्या बोक्याला त्याने कधी कात्री लावली नाही. तेका बडवूकच व्हयो, म्हणायचा. कापला तो फक्त हा.

त्यानंतरही मामा माझ्याशी बोलायचा. मी गेले की सुरमई आणायचा, माझ्या मुलाची चौकशी करायचा. रागावला असता तर बरं झालं असतं. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, मामा, प्रोजेक्टर काढूया. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, बल्ब गेलो.

काल मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आज दुपारी मांगरात जाऊन प्रोजेक्टर उतरवला, गोणपाट सोडलं, बटण दाबलं.

बल्ब चांगला आहे.

म्हणून सांगते, ती क्लिप काढून टाका. ग्रुपवरून, स्टेटसवरून, सगळीकडून. ज्या क्षणी तुम्ही त्याला सगळ्यात जास्त दुखावलंत, तोच त्याच्या फोटोसारखा मिरवू नका. तुम्ही नकळत हसलात, मी मात्र त्याने नको सांगितलेलं असूनही जोडलं. तेव्हा मोठा दोष माझाच, हे वेगळं सांगायला नको.

मामा, माझ्या कॉपीतला तुकडा मी काढला आहे. तिथे काही जोडलं नाही. नुसतं काळं ठेवलं आहे, तुझा हात जितका वेळ असायचा तितकंच.

श्रद्धांजली लिहायला मला तोंड नाही.

दर्यो खवळलो. आता काय दिसना नाय.