उघड्या इंजिनाचा ट्रॅक्टर

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र अमेरिकेत नोकरीला लागला आणि पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा सगळ्यांसाठी अत्तर, घड्याळं आणि चॉकलेटं घेऊन आला. माझ्यासाठी त्याने दोन खोके आणले होते. खोक्यांवर जुन्या बनावटीच्या मोटारींची चित्रं होती, आत मात्र मोटार नव्हती. प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले शंभरएक सुटे भाग होते आणि ते जोडायचं पुस्तक होतं.

"तू काड्यापेट्यांचे ट्रक करायचास ना, म्हणून आणलं," तो म्हणाला.

मग त्याने मला हॉट रॉड म्हणजे काय ते समजावलं. तिकडची तरुण मंडळी जुनी मोटार घेतात, तिचं बॉनेट काढून टाकतात, आत दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवतात, छत कापून बुटकं करतात, मागे रुंद चाकं लावतात, पुढे बारीक. दोन्ही बाजूंना ज्वाळा रंगवतात. दोन खोक्यांतून अशी एक गाडी होईल, असा त्याचा हिशेब होता.

तेव्हा मी जळगावच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. दहावीच्या पलीकडे गेलेलाही मीच पहिला. शाळेतली दोन वर्षांची परिवीक्षेची, म्हणजे उमेदवारीची, मुदत जूनमध्ये संपणार होती आणि मला कायम करायचं की नाही हे हेडसरांच्या अहवालावर ठरणार होतं. ज्या संस्थेने मला नोकरी दिली तिच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

खोक्यातली डिंकाची नळी प्रवासात सुकून गेली होती. प्रयोगशाळेतलं थोडं क्लोरोफॉर्म मी घरी आणलं. त्याने प्लास्टिक प्लास्टिकला असं चिकटतं की नखानेही सुटत नाही. भाग कापायला नेलकटर, घासायला काचपेपर. छताचे खांब मी दाढीच्या पात्याने मोजून कापले आणि छत चार मिलिमीटर खाली आणलं. मग रंग देऊन ते पत्र्यावर वाळत ठेवलं. एप्रिलचं जळगाव. संध्याकाळी जाऊन पाहतो तर छताचा उडदाचा पापड झालेला. म्हणून दुसऱ्या खोक्यातलं छत कापावं लागलं. तेवढ्यापुरते दोन खोके कामाला आले. सांध्यांत भरायची पुट्टी आणि लाल रंग रिक्षा रंगवणाऱ्या पेंटरकडून आणला. तो म्हणाला, "मास्तर, मागे 'शुभ लाभ' लिहून देऊ का? त्याचे पैसे नाही घेणार."

माझं कामाचं टेबल म्हणजे घरातला पोळपाट. बायको रोज विचारायची, "तुमच्या गाडीला सांगा, दहा पोळ्यांपुरती बाजूला होते का?"

दर रविवारी आणि शाळा सुटल्यावर ऊन असेतो मी हेच करत होतो. चार महिने लागले. गाडी झाली तेव्हा ती वीतभर लांब होती. लालभडक, बुटकी, दोन्ही बाजूंना ज्वाळा, पुढे उघडं इंजिन, त्यातून वर निघालेली आठ धुराडी. मी ती खिडकीत ठेवली. येणारा जाणारा थांबू लागला. घरमालक बराच वेळ बघत राहिले आणि हळहळून म्हणाले, "बंद पडलीय का?"

"नाही. तशीच असते."

"बॉनेट उघडंय म्हणून म्हटलं. अॅव्हरेज काय देते?"

पुढच्या आठवड्यात शिरपूरकडच्या आमच्या गावाहून वडील आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. एसटीतून उतरून, शेंगांची पिशवी दारात टेकवून ते सरळ खिडकीशी गेले. गाडी त्यांनी दोन्ही हातांनी, पाडसाला उचलावं तशी उचलली.

"हाई तू बनाडं?"

"हो आबा."

"मांगे मोठला चाकं, पुढे ल्हाना. इंजन उघडं. धुराडं वर." त्यांचा चेहरा फुलला. "ट्रॅक्टरच शे ना!"

मी तोंड उघडलं होतं. पण ते पुढे म्हणाले, "मी तुले आजलगून ईचारं नई, तू शाळामा काय शिकाडस. आते समजनं."

आबांनी मला शिकवलं होतं, पण काय शिकवलं ते त्यांना कधी कळलं नव्हतं. प्रकाशाचं अपवर्तन त्यांच्यापुढे ठेवण्याची मला हिंमत नव्हती. ट्रॅक्टर मात्र त्यांना कळत होता. मी पुन्हा म्हणालो, "हो आबा." चूक झाली ती इथेच.

आबा गावी गेले आणि आठ दिवसांत बातमी झाली की मास्तरने नवा ट्रॅक्टर काढला. बातमी फिरत फिरत आमच्या हेडसरांपर्यंत आली. आमच्या संस्थेच्या शाळा जळगाव आणि धुळे अशा दोन्ही जिल्ह्यांत होत्या. धुळ्याला कृषी प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात संस्थेचा गाळा होता. संस्थेच्या अध्यक्षांना त्यात काहीतरी 'संशोधन' हवं होतं. आतापर्यंत हेडसरांच्या हाताला फक्त सौरचूल लागली होती आणि तिच्यावर मागच्या वर्षी चहासुद्धा झाला नव्हता.

त्यांनी मला गाडी घेऊन बोलावलं. गाडी टेबलावर होती.

"सर, ही अमेरिकेतली शौकाची गाडी आहे," मी म्हणालो.

"अमेरिकेत शौकाची असेल. धुळ्यात शेतीची आहे." त्यांनी गाडी फिरवून पाहिली. "ह्या ज्वाळा कसल्या?"

"शोभेच्या."

"शोभेच्या नाहीत. इंजिन तापल्याची सूचना आहे. आणि इंजिन उघडं का, तर आपल्याकडच्या उन्हात हवा लागावी म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा अहवाल लिहायला घेतलाय. सगळं चांगलंच लिहायचंय. एवढं करा."

मी एवढं केलं. चित्रकलेच्या सरांनी मागे पत्र्याचा इवलासा नांगर जोडून दिला आणि सुंदर अक्षरात फलक रंगवला: 'सुधारित ट्रॅक्टर. खानदेशच्या उष्ण हवामानासाठी खास उघडे इंजिन.' मजकूर हेडसरांचा होता. मी फलक वाचला आणि मला थोडं बरंही वाटलं, ते लपवत नाही. छापील वाटावा इतका तो खरा दिसत होता.

धुळ्याच्या मैदानावर आमच्या गाळ्यासमोर गर्दी होती. डावीकडच्या गाळ्यात एक अवाढव्य भोपळा, उजवीकडे फवारणीचे पंप. प्रमुख पाहुणे हार घालून आले. अध्यक्ष बरोबर, हेडसर अर्धं पाऊल मागे.

"एका लिटरला किती जमीन होते?" पाहुण्यांनी मला विचारलं.

मी हेडसरांकडे पाहिलं. "अडीच एकर," हेडसर म्हणाले.

"अरे वा! आणि चालवून पाहिला?"

"प्रयोग चालू आहेत."

पाहुण्यांनी गाडीवर बोट फिरवलं, अध्यक्षांनी माझ्याकडे पहिल्यांदाच माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. तेव्हाच गर्दीतून आबा पुढे आले. त्यांच्याबरोबर आमच्या शेजारच्या शेताचे मालक होते, त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. नाना डोक्यावरची टोपी सरळ करून मला म्हणाले, "भाऊ, बजारमा कव्हय येई? मी बैलजोडी लेवानं थांबेल शे."

"थांबलात म्हणजे?"

"म्हातारा बैल ईकी टाका. नवी जोडी काय कामनी? आबा बोलना, ट्रॅक्टर ई ऱ्हायना."

जून तोंडावर आला होता. म्हातारे बैल विकून नाना मोकळे झाले होते आणि पेरणीसाठी माझ्या वीतभर प्लास्टिकची वाट पाहत होते. समोर प्रमुख पाहुणे होते, अध्यक्ष होते आणि माझा अहवाल लिहिणारे हेडसर डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगत होते. माझी नोकरी कायम होणं हे आमच्या सगळ्या घराचं कायम होणं होतं. पण नानांचं शेत आमच्या बांधाला लागून होतं. ते पडीक राहिलेलं मला दर सुट्टीत दिसलं असतं.

"नाना," मी म्हणालो, "बैलजोडी लई ल्या. हाऊ ट्रॅक्टर नई शे. अमेरिकानी शौकनी गाडी शे. हाई काहीच करत नई."

पाहुणे "बरं, बरं" म्हणाले आणि भोपळ्याकडे वळले. भोपळ्याचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. तो निदान भोपळाच होता. अध्यक्ष त्यांच्यामागे गेले. नानांनी आबांकडे पाहिलं, आबांनी जमिनीकडे, आणि दोघे गर्दीतून निघून गेले.

"काय गरज होती?" हेडसर दातांवर दात ठेवून म्हणाले.

"सर, ते बैल घेणार नव्हते."

"मग? आज हो म्हटलं असतं, उद्या पत्र टाकून कळवलं असतं."

हे मला सुचलं नव्हतं. बी.एड.ला असं शिकवत नाहीत.

आठ दिवसांनी शिपाई पाकीट घेऊन आला. कृषी प्रदर्शनात शेतकरी बांधवांची दिशाभूल करणारा फलक लावल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवला होता. खाली सही हेडसरांची. मी शुद्ध मराठीत खुलासा लिहिला, चूक झाल्याचं मान्य केलं, मार्गदर्शनाबद्दल आभार मानले. फलकाचा मजकूर कोणाचा होता हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वाचणारेही तेच होते. मला कायम न करता माझी मुदत एक वर्षाने वाढवण्यात आली.

हे आबांना सांगायला मी गावी गेलो. धुळ्याच्या त्या दिवसापासून त्यांचं पत्र नव्हतं. ओट्यावर चार-पाच जण बसले होते, नानाही होते. त्यांनी दोंडाईच्याच्या बाजारातून जोडी आणली होती आणि पेरणी वेळेत झाली होती. मला पाहून ते म्हणाले, "या, ट्रॅक्टरवाला!" सगळे हसले. आबा हसले नाहीत. मी पायरीवर बसलो.

आबांनी विचारलं, "कितला महिना लागनात ती गाडीले?"

"चार."

"आनि ती काहीच करत नई?"

"काहीच नई, आबा."

"तवलोंग पगार चालू व्हता?"

"चालू व्हता."

माझ्याकडे बोट करून आबा सावकाश ओट्यावरच्या मंडळीकडे वळले. आवाज असा चढवला की पलीकडच्या गल्लीतही जावा. "मना आंडोर चार महिना बठीसन काहीच न करनारी गाडी बनाडस, तरी बी त्याना पगार चालू ऱ्हास. तुमना बठ्ठासमा शे का कोनी असा?"

नव्हता. नानांनी मान हलवून ते कबूल केलं आणि मला जागा करून देण्यासाठी ते सरकले. मी वर ओट्यावर जाऊन बसलो. वाढवलेल्या मुदतीचा कागद माझ्या खिशात होता. तो मी काढला नाही.