गादीतल्या चादरी

जयपूरजवळच्या बगरूला मी ठशांनी छापलेलं कापड बघायला गेले होते. नोकरी सांभाळून पिशव्या शिवून विकायच्या, असं वर्षभर नुसतं घोकत होते. बिघडल्या तर लोक हसतील, या भीतीने कात्रीच हातात घेतली नव्हती.

तिथे ती भेटली. पन्नाशीची बाई, हात कोपरापर्यंत निळे, छपाईचा छोटा कारखाना स्वतःचा. ऑर्डर असो नसो, सकाळी सातला मोबाइल खुंटीवरच्या पिशवीत टाकायचा आणि लाकडी ठसा उचलायचा, हा नेम तिनेच मला सांगितला. बोलता बोलता ठसा कापडावर ठेवत होती, मुठीने ठोकत होती आणि उमटलेल्या फुलाकडे बघून खुशीत हसत होती.

"सुरुवातीला काही बिघडलं नाही?" मी विचारलं.

तिने छपाईच्या टेबलावरच्या जाड गादीचं टोक उचललं. आत थरावर थर होते, वाकड्या नक्षीच्या, रंग पसरलेल्या चादरींचे.

"पहले साल की सारी यहीं हैं, मैडमजी. गद्दी जितनी नरम, छाप उतनी साफ!"

मी तिथेच चार मीटर कापड घेतलं. रविवारी पहिली पिशवी शिवली, ती पार वाकडी झाली. घडी घालून शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. मशीन हलायचं थांबलं आणि दुसरी पिशवी सरळ आली.