खिळ्यावरचं सील
परवा कुकरची नवी रिंग पाकिटातून काढली आणि रबराच्या वासाने मला काशीमीऱ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन उभं केलं. तेव्हा बाबा आणि मी गाडीचं गळणारं ऑइल सील, म्हणजे इंजिनातलं तेल अडवणारी रबरी रिंग, घरीच बदलायला घेतलं होतं; पार्किंगमध्ये इंजिन उघडं पडलं होतं आणि सकाळी आईला डायलिसिसला न्यायचं होतं. “पुराना सील लाये हो?” दुकानदाराने विचारलं. ते मी कचऱ्यात टाकलं होतं. त्याने समोर ठेवलेली दोन सीलं मला सारखीच दिसत होती. बाबांनी आईला फोन लावला. “ती रबरी रिंग ना? कचऱ्यातून काढून कुकरच्या जुन्या रिंगांबरोबर खिळ्याला लावलीय. अहो, नमुना न नेता गेलात कसे?” मी घरी जाऊन तो नमुना आणला, नवं सील रात्रीच बसलं आणि जुनं परत खिळ्याला गेलं. आई आता नाही. परवाची जुनी रिंग मात्र मी फेकली नाही. त्याच खिळ्याला, त्या सीलाशेजारी अडकवली.