मधले दहा दिवस

फाटकावरच्या माणसाने वही पुढे केली. नाव, गाव, गाडीचा नंबर असे रकाने त्याने पेन्सिलीने दाखवले आणि शेवटच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

"आपा, कित्ते दिन?"

मी अजून इंजिनही बंद केलं नव्हतं.

"आधी नळ दाखवा," मी म्हणाले.

"नळ है ना. पण हे लिहावं लागतं. एक रात्र, तीन रात्री, हप्ता, महिना. बोर्डावर सगळं लिहिलंय."

"बोर्ड वाचता येतो मला. हातात घेऊन बघितल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडी घेत नाय, आन् तुम्ही फाटकातच दिवस लिहून घेताय व्हय?"

तो साठीच्या पुढचा असावा. पठाणीवर लोकरीचा स्वेटर आणि डोक्याला मफलर. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे ड्रायव्हर शोधला. ड्रायव्हर मीच आहे हे लक्षात आल्यावर त्याने फाटक उघडलं.

त्याचा प्रश्न साधा होता. कुठल्याही लॉजवर विचारतात. पण त्या दिवशी तो प्रश्न मला भाजलेल्या जागेवर हात लागावा तसा लागला. त्याला कारण होतं.

बजाजनगरात मी सव्वीस वर्षं मेस चालवली. कंपन्यांमधली मुलं जेवायला यायची. महिन्याचं कार्ड असायचं आणि जेवायला न येण्याच्या दिवसाला आम्ही खाडा म्हणायचो. खाड्याचा नियम मी स्वतः भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहून घेतला होता : सकाळी दहाच्या आत कळवलं तरच खाडा धरला जाईल, आणि सलग तीन दिवसांच्या वर असेल तरच दिवस कापले जातील. या दोन ओळींवरून मी किती भांडणं केली असतील ते मला सांगता येणार नाही. एकाही माणसाला मी त्यात सूट दिली नाही. माझे दोन्ही मुलगे त्याच भिंतीला टेकून अभ्यास करून मोठे झाले. कार्डावर फुल्या मारायचं काम थोरल्याकडे असायचं.

पुढे गुडघे गेले. मुलं म्हणाली, आता बंद कर. मेसची जागा विकून दोघांना घर घ्यायला दिलं, थोरल्याला इथंच शहरात, धाकट्याला पुण्यात. हे मी राजीखुशीने केलं आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. दोघांनी बसून ठरवलं की आईने तीन महिने इथं आणि तीन महिने तिथं राहायचं. मला विचारलं नाही, सांगितलं. थोरल्याच्या फ्रिजवर कॅलेंडर लागलं. त्यात माझे दिवस निळ्या पेनाने आखलेले.

मी तेही चालवून घेतलं. डिसेंबरात पाचोडला बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दहा दिवस तिच्याकडे राहिले. थोरल्याची पाळी चालू होती, ती जानेवारीअखेर संपायची. संपायला चार दिवस राहिले असताना पुण्याहून धाकट्या सुनेचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. मी तिथंच बसून वाटाणे सोलत होते.

"वहिनी, ते पाचोडचे दहा दिवस तुमच्याकडचे खाडे झाले ना? मग ते तुमच्याकडे भरून निघायला पाहिजेत. आम्ही अकरा तारखेपासून धरतो."

"खाडा आम्ही नाही धरला, आईंनी स्वतः धरला," थोरली सून म्हणाली. "आमची पाळी एकतीसला संपते. आमची गोव्याची तिकिटं काढलीत."

मी नसल्यासारखं चाललं होतं ते. शब्द माझा, नियम माझा आणि हिशोबात मी. थोरला शेजारी उभा होता. तो म्हणाला, "आई, तू असं कर ना, परत पाचोडला जा दहा दिवस. मावशीला बरं वाटेल."

मी वाटाण्याची परात ओट्यावर आपटली. दाणे फ्रिजखाली गेले. ते कुणी काढले ते मला माहीत नाही, मी काढले नाहीत.

मेसचं सगळं विकलं तेव्हा माझ्या नावावर एकच वस्तू राहिली होती, डबे पोचवायचा जुना टेम्पो. तो चालवायला मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले होते, कारण ड्रायव्हर दर सोमवारी दांडी मारायचा. मुलं म्हणत होती, भंगारात दे. वाळूजला एक फॅब्रिकेटर आहे, पूर्वी माझ्याकडे जेवायचा. आता तो पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना गाड्यांत घरं करून देतो. त्याच्याकडून मी टेम्पोच्या मागे पलंग, बेसिन, पाण्याची टाकी आणि छोट्या सिलिंडरची जागा करून घेतली होती. भजनी मंडळाच्या बायकांना घेऊन देवदर्शनाला जाईन, असं घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. वर्षभर गाडी त्याच्या शेडमागे झाकून उभी होती.

एकतीस तारखेला दुपारी मी कव्हर काढलं, टाकी भरली आणि निघाले. फॅब्रिकेटरनेच सांगितलं होतं की खुलताबादच्या पुढे डोंगरावर एकाने अशा गाड्यांसाठी पार्क काढलाय. दौलताबादच्या दरवाजातून दोन्ही आरसे मिटून गाडी काढली. मागचा जीपवाला हॉर्न मारत होता. मी त्याच्यासाठी घाई केली नाही.

आत आल्यावर मी पार्क नीट बघितला. आठ जागा. प्रत्येकीला एक नळ, एक विजेचा बोर्ड आणि सांडपाण्याचा पाइप. नळाखाली साबण चोळला, फेस येईना.

"बोअरचं पाणी. डाळ शिजायची नाय ह्याच्यात," मी म्हणाले.

"पिण्याला फिल्टर आहे ऑफिसात. कॅन विकत मिळतो."

"विकत? तुमच्या पाण्यात डाळ शिजत नाय त्याचा दंड मी भरू?"

तो हसला. पहिल्यांदाच. "हौ आपा, एक कॅन तसाच घ्या. मालकाला सांगू नका."

दरीच्या कडेची जागा तो दाखवत होता. सगळे तीच मागतात म्हणे. मी वाऱ्याकडे बघून नको म्हणाले आणि मधली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाची जागा घेतली. चार वाजता तिथं सावली येत होती. मग दिवसांचा विषय परत निघाला. मी सांगितलं, रोज सकाळी दहाच्या आत त्या दिवसाचे पैसे देईन आणि राहते की जाते ते सांगेन. रकाना कोरा ठेवा.

"मालिक ओरडेल मेरेकू."

"त्याला माझ्याकडं पाठवा."

रकाना कोरा राहिला. मी जिंकले असं मला वाटलं.

पहिली सकाळ मला आठवते. टाकीचं पाणी इतकं गार होतं की चहाची भांडी धुताना बोटं दुखली. चहा केला, एकटीपुरता. सव्वीस वर्षांत आणि त्यानंतरही एक कप चहा मी कधी केला नव्हता, अंदाजच चुकला आणि दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायले. भीती वाटत होती हे लपवत नाही. गाडी बंद पडली तर काय, गुडघा धरला तर काय. पण फोन वाजला की स्क्रीनवरचं नाव बघून भीतीच्या जागी राग यायचा आणि रागाने माझं काम नेहमीच सोपं केलं आहे. मी फोन उचलला नाही.

शेजारी नागपूरचं एक जोडपं चकचकीत पांढऱ्या गाडीत आलं होतं. बाईने प्रेमाने विचारलं, "काकू, किती दिवस आहात?"

"तुम्ही जाईपर्यंत तरी आहे," मी म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी गेली. नंतर मला वाईट वाटलं, तिने मला तिळाचे लाडू दिले होते.

गोम अशी होती की मलाही तो आकडा ठरवता येत नव्हता. दहा दिवसांच्या आत निघाले तर जायचं कुठं? थोरला गोव्याला. आणि दहा दिवस झाल्यावर निघाले तर पुण्याच्या पाळीवर वेळेवर हजर, म्हणजे त्यांनीच ठरवल्यासारखं. ज्या दहा दिवसांना कुणी वाली नव्हता, ते मी स्वतः नीट सांभाळून त्यांच्या हवाली करणार. तेच मला नको होतं.

सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला तो फाटकावरचा माणूस माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी पैसे पुढे केले. त्याने घेतले, पण हलला नाही.

"आपा, दहा तारखेला ग्रुप येतोय. चार गाड्या, लागून जागा पायजे. तुमची जागा बीच में पडती."

"मग?"

"एक आकडा सांगा. कोणता पण. खोटा सांगितला तरी चालेल, मी लिहीन."

"मी खोटं का सांगू?"

"मालिक रोज फोन करता. मी म्हणतो बाई सांगत नाय. तो म्हणतो, मग तू काय कामाचा? सतरा साल मी दुसऱ्याच्या दुकानात होतो, आपा. असं कुणी बोललं नव्हतं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. पीठ वीस जणांचं मळायचं की पंचवीस, हे न कळता सकाळी परातीसमोर उभं राहणं काय असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं. त्याच्यासाठीच तर मी भिंत रंगवली होती. न कळवता गायब होणाऱ्यांना मी काय काय बोलले होते. आणि इथं सहा दिवस मी त्याच्याशी तेच करत होते, राग दुसऱ्यांवरचा.

"उद्या सांगते," मी म्हणाले. "खरा सांगते."

दुसऱ्या दिवशी आकडा ठरायच्या आधी थोरला आला. गोव्याहून आदल्या दिवशी परतला होता, नाक उन्हाने सोललेलं. पत्ता फॅब्रिकेटरने दिला असणार. गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने पत्र्यावर थाप दिली.

"भारी केलंय गं. मला वाटलं तू नुसतं बोलतेस."

भूक लागलेली त्याच्या तोंडावर दिसत होती. मेथी आणि भाकरी होती, ती वाढली. तो पलंगाच्या कडेवर बसून जेवला आणि ताट स्वतः धुतलं. मग पँटला हात पुसत म्हणाला, "आमचं दोघा भावांचं बोलणं झालं. भांडण नको म्हटलं. पाच दिवस माझे, पाच त्याचे."

"बरं."

"त्यातले सात तर गेलेच. राहिले तीन. ते मी घेतो. अकराला तुला पुण्याच्या गाडीत बसवून देतो. मिटलं."

"सात कुणाच्या पाळीत गेले?"

"म्हणजे?"

"गेले म्हणतोस ना. तुझ्याकडं गेले का त्याच्याकडं?"

त्याने मान खाजवली. लहानपणी कार्डावर चुकीची फुली मारली की असंच करायचा. "ते काय... तुझे तूच राहिलीस."

"मग राहिलेले तीन तुला कोण देतंय?"

"आई, नियम तूच शिकवलास आम्हाला. आम्ही काय बाहेरून आणला का?"

"नियम जेवायला येणाऱ्यांसाठी होता. मी जेवायला येत नव्हते रे. मी तव्यापुढं उभी होते."

त्याने धुतलेलं ताट पुन्हा एकदा पुसलं. मग खाली बघून म्हणाला, "बरं. मग तू सांग. किती दिवस राहणार? तिकडं पुण्याला काय सांगू?"

मी चपला घातल्या. जाण्याआधी दाराजवळचा सिलिंडर उचलून बघितला. पाच किलोचा छोटा सिलिंडर, निघताना भरून घेतलेला. किती माणसांना किती गॅस लागतो, हा एक विषय मला कुणी शिकवू शकत नाही. एका बाईचा दोन वेळचा स्वयंपाक आणि तीनदा चहा, यात तो कधी संपणार ते मला हाताच्या वजनावरून कळलं. फाटकावर जाऊन वही मागितली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं : सत्तावीस.

त्याने चष्मा लावून वाचलं. "सत्ताईस? पहिल्या रातीपासून?"

"व्हय. आन् मधली जागा आज सोडते. मागच्या कोपऱ्यात जाते, पेरूपाशी. तुमचा ग्रुप बसवा. पण भाडं महिन्याच्या दराने लावायचं."

"महिना तीस दिन का आपा. तीन कम है."

"फेब्रुवारी चालू आहे. अठ्ठावीसच असतात. एका दिवसासाठी भांडता का माझ्याशी?"

"मालिक को क्या बोलूं?"

"बोला, बाईने आकडा दिला."

त्याने मान हलवत आकड्याखाली रेघ ओढली. कॅन रोजचा फुकट, हेही मी तिथंच वदवून घेतलं.

परत आले तर थोरला दारात उभा होता. "किती सांगितलेस?"

"वहीत लिहिलंय. जाऊन वाच."

तो गेला. तिथं बराच वेळ उभा राहिला, त्या माणसाशी काहीतरी बोलला, मग कानाला फोन लावून फाटकाबाहेर फेऱ्या मारत राहिला. तोवर मी चाकांखालच्या विटा काढून गाडी मागच्या कोपऱ्यात नेली. तिथं जमीन उतरती होती. डावं मागचं चाक खाली जात होतं आणि गुडघा वाकवून वीट सरकवणं मला जमेना.

तो आला, काही न विचारता खाली बसला आणि वीट लावायला लागला.

"त्यांना काय सांगू ते तरी सांग," तो चाकाशी बोलल्यासारखं म्हणाला. "सत्तावीसनंतर पुण्याला येणार, असं सांगू का?"

"तसं नको. पुढचं काय ते मी सत्तावीसला कळवीन म्हणावं," मी म्हणाले. "सकाळी दहाच्या आत. अजून एक वीट लाव, पलंग कलतोय."