जिवंतपणी जाळलेलं ताट

अर्लेट माझी चुलत बहीण. आमच्या जमातीची मुलं घरातून उचलून नन्सच्या ज्या शाळेत नेत, तिथे आम्ही एकाच बाकावर होतो. एका सुटीत घरी आलेली असताना तिने धक्क्यावरून पाहिलं, खाडीत जाळी लावून माणसं ओर्का देवमाशाचं पिल्लू उचलत होती. झोळीत लटकलेलं पिल्लू ओरडत होतं आणि जाळ्याबाहेर त्याची आई. अर्लेट एवढंच म्हणाली, "आपल्यालाही असंच गाडीत घालून नेलं होतं."

पिल्लू दूर दक्षिणेतल्या एका मत्स्यालयाला विकलं गेलं. तिकीट काढून येणारे तिला पर्ल म्हणत. अर्लेट म्हणे, थोरलीची पोर. कारण थोरली, तिची आई, अजून सेलिश समुद्रात, आमच्याच बेटांमधून फिरत होती. ओर्का आमचे पाण्याखालचे सोयरे. खेकडे सोलायचं आणि सॅमन धुरावर धरायचं काम सांभाळून अर्लेट दरवर्षी दक्षिणेत जाई, हौदाच्या कुंपणाशी उभी राहून ढोलावर गाई. पोर कडेला येऊन ऐके. थोरली मरायच्या आत पोर घरी यावी, एवढंच तिचं मागणं.

शेवटी मालक पोर परत द्यायला राजी झाले. वसंतात खाडीत तिच्यासाठी जाळीचं मोठं कुंपण बांधायचं ठरलं.

पानगळीत फोन आला, हौदातला ओर्का गेला. अर्लेटने पुढचं विचारलंच नाही. तिने सीडरच्या लाकडांचा जाळ केला, सॅमन, बटाटे, बेरी असं ताट भरलं आणि पोरीचं नाव घेऊन जाळात ठेवलं. मेलेल्यांना आम्ही असंच जेवू घालतो.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ सायरस हसतच आला.

"अगं शहाणे, मेला तो हौदातला दुसरा, नर! आपली पोर ठणठणीत आहे. चांगला मासा फुकट घालवलास."

"सायरस, मी तिचं नाव घेतलंय रे."

त्याचं हसू तिथेच गेलं. ज्याचं ताट जाळलं, त्याला पलीकडचे आपल्या पंगतीत धरतात.

विधी सांभाळणारे एझ्रामामा म्हणाले, "हाक गेली ती गेली, पोरी. आता तिच्यापासून लांब राहा. तुझ्या आवाजामागून ते येतील."

त्या हिवाळ्यात तिच्याऐवजी ढोल घेऊन सायरस दक्षिणेत गेला.

"आली होती," तो परतल्यावर म्हणाला. "माझ्या मागे तुला शोधलं, ताई, आणि तळाशी गेली."

"तुझं गाणं ऐकून कोणीही तळाशी जाईल," अर्लेट म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

खाडीत कुंपणाचे खांब उतरत होते तेव्हा पोर मेली. डॉक्टरांनी फुप्फुसांचं काहीतरी सांगितलं.

तिची रक्षा आम्ही होडीतून पाण्यात सोडली. मग सायरसने जाळ पेटवला, ताट अर्लेटपुढे धरलं.

"तूच वाढ, ताई. तुझ्याच हातचं खाईल."

अर्लेटने मांडीवरचे हात उचलले नाहीत. "तिला मी वाढून झालंय," ती म्हणाली.

थोरली अजून खाडीत येते. तिचा श्वास धक्क्यावर ऐकू आला, की अर्लेट दार लावून घेते.