शेवग्याखालचे टमाटर

गुढियारी या हिंदी बोलणाऱ्या वस्तीत, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत सत्यभामाबाई खोब्रागडे राहतात. त्यांचे यजमान गुलाबराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. तोंडातून एकच अक्षर निघायचं, 'दे'. पाणी हवं असलं तरी 'दे', माशी बसली तरी 'दे'. सत्यभामाबाई त्यांच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहायच्या. काही हवं असलं की डावा तळहात उघडायचा, भीती वाटली की तोच हात खाटेचा दांडा घट्ट आवळायचा.

त्यांना सोडून कुठे जाणं जमेना, तेव्हा बाईंनी परसात जीव लावला. आंब्याच्या दाट सावलीत काहीच येत नव्हतं, पण शेवग्याखाली ऊन चाळणीतून गाळल्यासारखं पडायचं. तिथे त्यांनी टमाटरची रोपं लावली. गल्लीतले लोक झाडून पेटवायचे तो पाला पोत्यात भरून आणला, दूधवाल्याकडून धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, तिथल्या बोलीत पैरा, मागून घेतलं आणि रोपांच्या बुडाशी जाड थर पसरला. खत म्हणून शेण, फवारा म्हणून कडुनिंबाचं पाणी. बाहेर फुफाटा उडत असताना त्या तणसाखाली हात घातला की माती ओली, गार लागायची. मे महिना आला तरी झाडं फळत होती. गुलाबरावांची खाट सकाळी तिथेच टाकलेली असायची.

"पाहून राहिले ना जी? तुमच्यासाठीच लाल करून राहिली मी यायले," बाई म्हणायच्या.

शेजारच्या माया साहूचा त्या घरावर लोभ होता. बाईंना औषधं आणायला जायचं असलं की ती गुलाबरावांपाशी बसायची. त्या दिवशीही बसली होती. बाई परतल्या तेव्हा फाटक उघडं होतं, खाटेवर गुलाबराव एकटेच होते आणि गल्लीतून कुणीतरी ओरडत होतं, "माया को साँप काटा! अस्पताल ले गए!"

घोणस होती. पाल्यात पाल्याच्याच रंगाची पडून राहिलेली.

माया वाचली. पण हात कोपरापर्यंत सुजला, लघवीतून रक्त गेलं, आणि शेवटी उजव्या हाताची तर्जनी कापावी लागली. तिचा नवरा लोकेश दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाईंना म्हणाला, "कचरा जमा करके रखा आपने. शौक आपका, उँगली हमारी गई." भिलाईहून आलेली मुलगी दीक्षा आईच्या बाजूने बोलायला गेली, तर बाईंनी तिलाच गप्प केलं.

माया बोलण्याइतकी बरी झाली तेव्हा बाई तिच्या उशाशी बसल्या.

"दीदी, दादा टमाटर मांग रहे थे," माया म्हणाली. "दे, दे, दे... कितना चिल्लाए. मैं बोली, हव दादा, देती हूँ. नीचे वाला पका था, पैरे में हाथ डाली..."

"हात कसा होता त्यायचा?"

"हाथ? खाट पकड़े थे. गिर न जाएँ, इसलिए पकड़े होंगे."

बाईंच्या ध्यानात आलं. गुलाबरावांना साप दिसला होता. ते तिला थांबवत होते.

घरी येऊन त्यांनी दाताळ्याने सगळं तणस, सगळा पाला ओढून काढला. मातीवर थेट ऊन पडलं आणि दोन-चार दिवसांतच झाडांनी माना टाकल्या. गुलाबरावांनी परसात यायला नकार दिला. खाट उचलली की ते रडायचे. मग 'दे'सुद्धा म्हणेनासे झाले. तहान लागली की नुसते छताकडे पाहत पडून राहायचे, आणि बाईंना अंदाजाने पाणी पाजावं लागायचं.

माया घरी आल्यावर बाई रोज सकाळी तिच्याकडे जाऊन भांडी घासू लागल्या. लोकेश नको म्हणाला नाही, या म्हणालाही नाही. हे कितीतरी दिवस चाललं. खरं सांगावं की पोटात ठेवावं, याचा निवाडा बाईंना होत नव्हता. शेवटी एकदा नळाखाली हात तसेच ठेवून त्या म्हणाल्या, "माया, ते टमाटर नव्हते मांगत. त्यायनं साप पाह्यला होता. मी तुले आधीच सांगून ठेवाले पाह्यजे होतं, हात कसा पाहाचा ते. मले काहून सुचलं नाही, माहीत नाही."

मायाने पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला.

"इनको मत बताना," ती लोकेशच्या खोलीकडे पाहत म्हणाली. मग, "कल से बर्तन मैं कर लूँगी, दीदी."

त्या बोलण्यात राग होता की दया, बाईंना अजूनही सांगता येत नाही.

थंडीत दीक्षाने सहा कुंड्या आणून दिल्या. बाईंनी त्यात रोपं लावली, वर मूठभर वाळका पाला टाकला, तोही काठीने चाचपून. फळं बोराएवढी आली. पहिली ओंजळभर त्यांनी मायाला नेऊन दिली. मायाने डाव्या हाताने घेतली, "अंदर आओ" म्हणाली नाही, पण दारही लगेच लावलं नाही.

गुलाबराव खोलीतच असतात. बाईंना औषधाला जायचं असलं की आता दीक्षाची वाट पाहावी लागते.