समुद्र न पाहिलेल्यांचं जलविहार मंडळ

चार माणसं हट्टानं एकाच कामाला लागली, की काम होवो न होवो, किस्से भरपूर होतात. ते कोणी लिहून ठेवत नाही. मग कुठल्या तरी लग्नात पंगतीला दोघं शेजारी बसतात, एक म्हणतो, "मास्तर, ते नावेचं सांगा ना!" आणि वरण थंड होतं.

गोष्ट सत्तर सालानंतरची. मी वाशीमला शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. गावाबाहेर एक जुना तलाव होता. काठ ढासळलेला, कडेनं कचरा, पाण्यात उतरायची सोय नाही. तो नीट करायचा आणि गावाला पोहायला, फिरायला जागा करायची म्हणून आम्ही चौघांनी मंडळ काढलं. अध्यक्ष चंपालालजी. कापडाचे व्यापारी, जैन, वय पंचावन्न, आणि पोहता अजिबात येत नाही! दुसऱ्या सुमनताई, मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. तिसरा बैलगाड्या बनवणारा नामदेव मिस्त्री. सेक्रेटरी मी, कारण बोर्ड फुकट रंगवणारा मीच! बोर्डावर लिहिलं, 'तलाव-काठ संरक्षण व जलविहार मंडळ'. चौघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता.

*

जलविहार म्हटलं की नाव पाहिजे. मी कॅलेंडरवरचा नावेचा एक फोटो नामदेवला नेऊन दिला. त्यानं तो महिनाभर भिंतीला लावला आणि बाभळीच्या लाकडाची अशी दणकट नाव ठोकली की ती पाण्यापर्यंत न्यायला दोन बैलजोड्या लागल्या.

नाव तरंगली! चंपालालजींनी नारळ फोडला. मी आत बसलो आणि पाहतो तर वल्हं एकच, तेही उजव्या बाजूला पक्कं बसवलेलं. मारलं वल्हं, की नाव जागच्या जागी गोल.

"नामदेव, दुसऱ्या बाजूचं वल्हं कुठं आहे?"

नामदेवनं कॅलेंडर पुढं केलं. "मास्तर, दुसरी बाजू फोटोत कुठी हाय?"

मी हताश झालो. अध्यक्ष अजिबात नाही. काठावरून ओरडले, "चालू द्या! तलाव बी गोलच हाय!"

*

काठावर बेशरम माजलं होतं. ते झाड ठाऊक असेलच. तोडून फेकलं की पडल्या जागी पुन्हा फुटतं. मी चौकात बोर्ड लावला, 'दर रविवारी सकाळी सहा वाजता तलावावर बेशरम काढणे आहे. सर्वांनी हजर राहावे.'

पहिल्या रविवारी आम्ही चौघंच हजर. गुडघाभर चिखलात उभे राहून उपटत होतो. मेडशीकडं निघालेला एक शेतकरी गाडी थांबवून बराच वेळ पाहत राहिला.

"काहो, चारच बेशरम आले काय?"

"आज चार हाओत," चंपालालजी म्हणाले. "पुढच्या रविवारी वाढू!"

खरंच वाढलो. पण बेशरमही वाढलं. पहिल्या पावसाळ्यानंतर पाहिलं तर काठ पुन्हा हिरवागार. मी म्हटलं, शेठजी, सोडा आता. ते धोतर खोचून खाली उतरले आणि म्हणाले, "मास्तर, ते बेशरम हाय, तर आपण महाबेशरम होऊ!" काठ मोकळा व्हायला दोन वर्षं लागली. रविवार एकही चुकला नाही.

*

मग बहात्तरचा पाऊस कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात तलावाचं डबकं झालं आणि त्यात मासे तडफडायला लागले. चंपालालजींना ते बघवेना. मंगरूळपीर रोडला एका खेड्यापलीकडं दगडाची जुनी खाण होती. तिथलं पाणी पिण्याजोगं नव्हतं, पण मासे जगले असते. बैलगाडीवर दोन ड्रम चढवले, मासे भरले आणि आम्ही निघालो.

खेड्यात शिरलो, तर ड्रममधून ठिबकणारं पाणी पाहून बाया गुंड्या-घागरी घेऊन धावत आल्या. रांग लागली. पोरं गाडीच्या चाकाला लोंबकळायला लागली. पहिलीनं ड्रममध्ये डोकावून पाहिलं.

"मासे हायेत," ती मागच्या बायांना म्हणाली. मग शेठजींकडं वळली. "माणसाले प्यायले नाही, अन् मास्यांले गाडीनं पाणी?"

चंपालालजी गाडीवरून उतरले. डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "बाई, उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी गाडीवर एक ड्रम माशांचा, आणि एक ड्रम त्यांच्या घरच्या विहिरीतलं गोडं पाणी. चार दिवसांत मासे नेऊन संपले. गाडी मात्र दोन्ही ड्रम पाण्याचे भरून मृग लागेपर्यंत रोज जात राहिली.

घरची विहीरही खाली चालली होती. एक दिवस त्यांच्या बायकोनं माझ्यासमोरच विचारलं, "अजून किती मासे राह्यले?"

शेठजी हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "फॅमिली लई मोठी हाय त्यांची."

*

पावसानं तलावात पुन्हा पाणी आलं, त्याच सुमारास सुमनताईंच्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली आणि गेली. ताई आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी तलावावर आल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून मुलींचा पोहण्याचा क्लास."

पाठीला रिकामा डबा बांधायचा, साडीचा काचा मारायचा आणि उतरायचं. पहिल्या दिवशी तीन मुली. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीचा बाप काठी घेऊन आला.

"पोरीच्या जातीले पोहणं कायले पाह्यजे?"

"पाणी कोण भरतं तुमच्या घरी?" ताईंनी विचारलं.

"पोरगीच भरते."

"विहिरीत पडली तर काय करील?"

"वरडंन! लोक धावतील."

ताईंनी चिमणी बादली पाण्यानं भरून त्याच्यापुढं ठेवली. "यात तोंड घाला आणि वरडून दाखवा."

बाप काठी खांद्यावर टाकून निघून गेला. आम्हाला वाटलं, गेली मुलगी हातची. पुढच्या सोमवारी तो पुन्हा आला. पुढं मुलगी, मागं डोक्यावर पदर घेतलेली बायको.

"ताई," तो खाली पाहत म्हणाला, "पाणी हेबी भरते."

*

तलाव काठोकाठ भरला त्या वर्षी आम्ही पोहण्याची शर्यत ठेवली. या काठावरून त्या काठापर्यंत. सहा जवान स्पर्धक, त्यांतला एक पलटणीतून सुट्टीवर आलेला. त्या काठावर चंपालालजी कप घेऊन उभे. या काठाला सखूआजी नेहमीसारखी कपडे धूत होती. साठी उलटलेली, धुणं धुऊन पोट भरणारी बाई. शर्यतीचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी शिट्टी वाजवली. सहाही जणांनी धाडकन उड्या टाकल्या. काठावर सगळ्या गावाची आरडाओरड. आणि धपकन सातवी उडी!

हातातलं धुणं तसंच टाकून सखूआजी पाण्यात. लुगड्याचा काचा, हात असे चालले होते की बस! अर्ध्या तलावात तिनं चौघांना मागं टाकलं. मग पाचव्याला. शेवटी पलटणवाल्यालाही. पलीकडं पोचली तेव्हा लोक टोप्या उडवत होते.

चंपालालजींनी स्वतः हात देऊन तिला वर घेतलं आणि कप तिच्यापुढं धरला. "आजी, पहिला नंबर!"

आजीला धाप लागली होती. तिनं कपाकडं पाहिलंही नाही. वळून पाण्याकडं पाहिलं, मागून येणाऱ्या एकेकाकडं पाहिलं.

"कोन बुडला?"

"कोणी नाही आजी, शर्यत होती!"

"असे सारेच्या सारे उगाच उड्या मारत्यात काय?" आजीनं कप बाजूला सारला. "आधी बुडलेल्याले काढा. मंग वाटा बक्षिसं!"

आणि कोणी अडवायच्या आत पुन्हा पाण्यात शिरली.